केमिकलचा माल गाडीत चढायच्या आधी: वर्ग कसा ठरवायचा, लेबल कसं लावायचं

तळोज्याला डिस्पॅचमध्ये अकरा वर्षं काढली आणि अजूनही महिन्यातून एकदा तरी कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, "अरे ते चौकोनी स्टिकर कुठलं लावू, लाल की पांढरं?" म्हणजे माल भरून झालाय, बिल्टी फाडलीय, ड्रायव्हर चहा पिऊन परत आलाय आणि मग स्टिकर आठवलंय. उलटा कारभार आहे हा. स्टिकर सगळ्यात शेवटी येतं, त्याच्या आधीची सहा-सात कामं नीट झाली की कुठलं लावायचं हा प्रश्नच उरत नाही.

आणि आधीच सांगतो, हे आरटीओसाठी नाहीये. दंड वाचवायला म्हणून लावलेलं लेबल कुठेतरी चुकतंच. रात्री दोनला बोरघाटात गाडी आडवी झालीय, ड्रायव्हर बेशुद्ध आहे नाहीतर पळालाय, आणि समोर उभा आहे हायवे पोलीस किंवा खोपोलीचा बंबवाला, त्याला विचारायला कोणी नाही. गाडीवर जे लिहिलंय तेवढंच त्याला कळणार. जून २०२३ मध्ये खंडाळ्याजवळ केमिकलचा टँकर उलटून पेटला तेव्हा जळतं रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर सांडलं आणि माणसं गेली. त्या बंबवाल्यासाठी लिहायचं, एवढं डोक्यात ठेवलं की निम्म्या शंका आपोआप मिटतात.

आता नुसते नियम वाचून काही डोक्यात राहत नाही म्हणून एक ऑर्डरच घेऊ. कुरकुंभच्या पार्टीला पाहिजे २०० लिटरचे ४० ड्रम टोल्युइन आणि ३५ लिटरचे २० कार्बॉय (प्लास्टिकचे कॅन) नायट्रिक ॲसिड, ६८ टक्क्याचं. पार्टीचं म्हणणं, "एकाच गाडीत पाठवा ना, भाडं वाचेल." बघू वाचतं का ते.

आधी एमएसडीएस काढा, पण त्यावर आंधळा विश्वास नको

एमएसडीएस म्हणजे मालाचे गुण आणि धोके सांगणारा सप्लायरचा कागद. आता त्याला एसडीएस म्हणतात, पण आपल्याकडे सगळे एमएसडीएसच म्हणतात. सोळा भाग असतात, त्यातला चौदावा भाग ट्रान्सपोर्टचा. तिथे चार गोष्टी मिळतात: यूएन नंबर (मालाचा चार आकडी ओळख नंबर), मालाचं अधिकृत नाव, वर्ग (धोका कसला) आणि पॅकिंग ग्रुप (धोका किती). टोल्युइनला १२९४, वर्ग ३, ग्रुप २. नायट्रिकला २०३१, वर्ग ८, ग्रुप २, आणि ६८ टक्के असल्यामुळे सोबत ५.१ चा, म्हणजे दुसऱ्याची आग भडकवायचा, दुय्यम धोका.

एवढं टिपलं की लगेच बंद करू नका, नववा भाग उघडा, तिथे फ्लॅश पॉइंट (ठिणगी पडली तर वाफ पेटू शकते ते सगळ्यात कमी तापमान), उत्कलनबिंदू, घनता असते. चौदावा भाग नवव्याशी जुळतो का ते बघा, कारण ट्रेडिंगमधले बरेच एमएसडीएस कोणाचेतरी उचलून वरचं नाव बदललेले असतात. मी स्वतः असा एक पाहिलाय ज्यात फ्लॅश पॉइंट ४ डिग्री आणि चौदाव्या भागात "धोकादायक नाही" असं बिनधास्त लिहिलेलं. चार डिग्री म्हणजे महाबळेश्वरच्या थंडीतसुद्धा ठिणगी पडली तर वाफ पेटेल! असा कागद आला की सप्लायरला फोन करायचा, स्वतःच्या मनाने दुरुस्त करायचा नाही.

थिनरसारख्या मिश्रणाचं आणखी वेगळं. त्याला तयार उत्तर नसतं, फ्लॅश पॉइंट मोजून घ्यावा लागतो. लॅबवाल्याच्या मागे लागा, अंदाजपंचे चालत नाही.

नऊ वर्ग, घाईघाईत

संयुक्त राष्ट्रांची यादी आहे, जगभर तीच चालते, म्हणून नंबराच्या आधी यूएन. १ म्हणजे स्फोटकं, त्यात १.१ ते १.६ असे उपवर्ग. २ म्हणजे गॅस: २.१ पेटणारे, लाल चिन्ह, आपला एलपीजी १०७५, २.२ न पेटणारे आणि विषारीही नाहीत ते, हिरवं, २.३ विषारी, पांढऱ्यावर कवटी, क्लोरीन १०१७ त्यात. ३ म्हणजे पेटणारी लिक्विड, लाल, पेट्रोल १२०३ आणि डिझेल १२०२ इथेच. ५.१ म्हणजे ऑक्सिडायझर, पिवळ्यावर गोल आणि त्यावर ज्वाळा, स्वतः जळेलच असं नाही पण दुसऱ्याला भडकवतो (असे नातेवाईक प्रत्येकाकडे असतात). ५.२ ऑरगॅनिक पेरॉक्साइड. ६.१ विष, ६.२ संसर्गजन्य. ७ किरणोत्सारी, त्याची वाट आपल्या गोडाऊनमधून जात नाही. ८ गंजवणारे, वर पांढरं खाली काळं, हातावर आणि पत्र्यावर ॲसिड ओततानाचं चित्र. ९ म्हणजे बाकीचे, लिथियम बॅटऱ्या ३४८० वगैरे.

वर्ग ४ मुद्दाम मागे ठेवला कारण तिथे माणसं जास्त चुकतात. ४.१ पेटणारे घन पदार्थ, लाल-पांढरे उभे पट्टे. ४.२ आपोआप पेटणारे. आणि ४.३, निळं चिन्ह, पाणी लागलं की पेटणारा वायू सोडणारे. कॅल्शियम कार्बाइड, १४०२, त्यातलंच, पाणी लागलं की ॲसिटिलीन सुटतो. निळा रंग बघून नवीन पोरांना वाटतं पाणी मारायला हरकत नाही. नेमकं उलटं! कार्बाइडचा ड्रम जुलैत ताडपत्रीशिवाय पाठवणारा माणूस मी पाहिलाय, वरून म्हणतो "झाकण घट्ट आहे की".

एका मालाला दोन धोकेही असतात. मिथेनॉल, १२३०, पेटतंही आणि विषारीही, म्हणून वर्ग ३ आणि दुय्यम ६.१. ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड, २७८९, आधी ८ आणि मग ३. मुख्य कुठला आणि दुय्यम कुठला हे यूएनच्या पुस्तकातल्या यादीवरून ठरतं, आपल्याला कशाची भीती जास्त वाटते त्यावरून नाही.

एक खास देशी गोंधळही इथेच मिटवून टाकू. पेट्रोलियम कायद्यात क्लास ए, बी, सी असतात: फ्लॅश पॉइंट २३ च्या खाली ए, २३ ते ६५ बी, ६५ ते ९३ सी. हा क्लास आणि यूएनचा वर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लायसन्सवर "क्लास बी" आहे म्हणून लेबलवर बी लिहायला निघालेले लोक आहेत, म्हणून सांगतोय.

पॅकिंग ग्रुप म्हणजे धोक्याची डिग्री

१ म्हणजे जबर, २ मध्यम, ३ त्यातल्या त्यात कमी. वर्ग ३ मध्ये सोपं आहे: उकळायला ३५ डिग्री किंवा त्याच्या आतच लागलं तर ग्रुप १, उत्कलनबिंदू त्याच्या वर पण फ्लॅश पॉइंट २३ च्या खाली तर ग्रुप २, फ्लॅश पॉइंट २३ ते ६० तर ग्रुप ३. टोल्युइन उकळतं ११० च्या आसपास, फ्लॅश पॉइंट ४, म्हणून २. वर्ग ८ ला त्वचेवर किती वेळात किती भाजतं त्यावर ठरतं: तीन मिनिटांच्या आतल्या संपर्कात कातडी पूर्ण खाल्ली तर १, तासाभराच्या आत तर २, चार तासांपर्यंत तर ३.

नायट्रिकचं बघा कसं आहे. ७० टक्क्याच्या वर गेलं की ग्रुप १, ६५ ते ७० असेल तर ग्रुप २ आणि ५.१ चं पिवळं लेबल सोबत, ६५ च्या खाली आलं तर ग्रुप २ च पण पिवळं लेबल गेलं. यूएन नंबर तिन्ही ठिकाणी तोच. त्यामुळे इन्व्हॉइसवर नुसतं "नायट्रिक ॲसिड" लिहिलेलं मला चालत नाही, टक्के लिहा.

ड्रमच्या बुडावर काय कोरलंय ते वाचा

हा भाग लोक सोडतात आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा, कारण लेबल चुकलं तर माणूस गोंधळतो पण ड्रम चुकला तर माल रस्त्यावर येतो.

यूएन सर्टिफाइड ड्रमवर गोलात यू आणि एन एकावर एक असतात आणि पुढे कोड: १ए१/वाय१.४/१५० आणि मग वर्ष, देश वगैरे. पहिला १ म्हणजे ड्रम, ए म्हणजे स्टील, शेवटचा १ म्हणजे वरचं झाकण न निघणारा, नुसत्या बुचाचा. २ असेल तर पूर्ण तोंड उघडणारा. प्लास्टिकला एच, म्हणून प्लास्टिक ड्रम १एच१ आणि आपला कार्बॉय ३एच१. पुठ्ठ्याचा खोका ४जी. पुढचं अक्षर एक्स असेल तर तिन्ही ग्रुपला चालतो, वाय असेल तर २ आणि ३ ला, झेड फक्त ३ ला. १.४ म्हणजे तेवढ्या घनतेपर्यंतच्या लिक्विडसाठी तपासलेला, १५० म्हणजे पाण्याच्या दाबाची टेस्ट किलोपास्कलमध्ये. आपल्याकडे या टेस्ट आणि सर्टिफिकेट इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग देते, अंधेरीला ऑफिस आहे.

आता आपली ऑर्डर लावून बघा. टोल्युइन पाण्यापेक्षा हलकं, ग्रुप २, म्हणजे १ए१ वाय१.४ आरामात चालतो. नायट्रिक ६८ टक्क्याची घनता मात्र १.४ च्या किंचित वर जाते, म्हणजे १.४ चा कार्बॉय बाद! १.९ चा घ्या. आणि कार्बॉयवर बनवल्याचा महिना-वर्ष घड्याळासारख्या शिक्क्यात असतो तो बघा: प्लास्टिकचे ड्रम आणि कार्बॉय एरवी पाच वर्षं चालतात, पण ५५ टक्क्याच्या वरच्या नायट्रिकला दोनच वर्षं. प्लास्टिक आतून कडकडीत होतं आणि एक दिवस हमालाच्या हातात कान तुटून येतो. आमच्याकडे एकाच लॉटमधले सात कार्बॉय या एका गोष्टीवर बाजूला काढले होते, परचेसवाला आठवडाभर बोलत नव्हता माझ्याशी.

काठोकाठ भरू नका हेही सांगायला पाहिजे. नियम असा की ५५ डिग्रीला लिक्विड फुगल्यावरही ड्रम पूर्ण भरता कामा नये, आणि मे महिन्यात पत्र्याच्या बॉडीत ५५ काय फार लांब नसतं.

आता लेबल, म्हणजे तो डायमंड

पॅकेजवरचं लेबल किमान १०० बाय १०० मिमी, टोकावर उभं. टोल्युइनला लाल ३. नायट्रिकला पांढरं-काळं ८ आणि त्याच्याच शेजारी पिवळं ५.१. जवळच यूएन नंबर आणि अधिकृत नाव. ३० लिटरच्या वरच्या डब्याला यूएन नंबरची उंची किमान १२ मिमी. नाव म्हणजे ब्रँडचं नाव नाही, "सुपर क्लीन सॉल्व्हेंट ५०" वाचून बंबवाल्याला काय कळणार?

इथे तीन वेगवेगळे डायमंड लोक एकमेकांत घालतात. एक ट्रान्सपोर्टचा, रंगीत, खाली वर्गाचा आकडा. दुसरा जीएचएसचा (केमिकलच्या लेबलची जागतिक पद्धत), पांढऱ्यावर लाल बॉर्डर, तो माल हाताळणाऱ्या कामगारासाठी. तिसरा एनएफपीए, निळा-लाल-पिवळा-पांढरा असे चार खण, तो अमेरिकेचा आणि टाकीवर, गोडाऊनच्या भिंतीवर लावायचा. टोल्युइनच्या एनएफपीएमध्ये लाल खणात ३ येतो आणि योगायोगाने वर्गही ३ आहे, त्यामुळे एका पोराने सहा महिने सगळ्या मालाचा वर्ग तिथून उचलला होता. सल्फ्युरिकला निळ्यात ३ दिसला, तर तोही वर्ग ३! गाडीवर एनएफपीए लावून पाठवलेली तर कितीतरी वाहनं पनवेल पट्ट्यात रोज दिसतात.

लेबलचा कागद कुठला यावरही बोलतो. साध्या कागदावर इंकजेटने मारलेलं लेबल वर सेलोटेप लावून चिकटवलं की जूनपर्यंत टिकतं. मग पहिल्या सरीला लाल रंग ओघळून ड्रमभर पसरतो आणि पार्टी विचारते हे रक्त कसलं. समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाच्या खुणा तर तीन महिने खाऱ्या पाण्यात राहूनही वाचता याव्यात असा नियम आहे, त्यामुळे प्लास्टिक फिल्मचंच घ्या, दोन रुपये जास्त गेले तर जाऊ देत.

एकाच गाडीत? नाही.

आता पार्टीचं भाडं. टोल्युइन वर्ग ३, नायट्रिकला दुय्यम ५.१. एक जळणारं, दुसरं जाळायला मदत करणारं. टीएनटीमधला शेवटचा टी टोल्युइनचाच आणि मधला एन नायट्रिककडूनच येतो, एवढं सांगितलं की पार्टी सहसा गप्प होते. गाडीत गळून टीएनटी होत नाही, पण तापणं, तपकिरी धूर आणि आग यांना तेवढं पुरेसं आहे. दोन गाड्या कराव्याच लागतात.

शेजारी काय ठेवलंय याची किंमत मुंबईने मोजलीय. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकिन जहाज. स्फोटकं होतीच, त्यात कराचीला कापसाच्या गाठी भरल्या, त्याच खणात. कापूस धुमसला, स्फोट झाले आणि पुढचं सगळ्यांना माहितीय, शेकडो माणसं आणि बंबावरचे ६६ जवान गेले, म्हणून तर त्या तारखेला अग्निशमन सेवा दिन असतो. धोकादायक माल असल्याचा लाल बावटाही जहाजावर लावलेला नव्हता.

नायट्रिकच्या गाडीत लाकडी फळ्या, पेंढा, भुसा, जुनी पोती नकोत, हे पण त्यातच आलं. हमाल सवयीने कार्बॉयखाली पोतं घालतात, आधीच सांगून ठेवा.

गाडीवरची पाटी

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला १३४ वा नियम. गाडीच्या दोन्ही बाजूला आणि मागे, अशा तीन ठिकाणी इमर्जन्सी पॅनल. त्यावर मालाचं तांत्रिक नाव किमान ५० मिमी अक्षरात, यूएन नंबरचे आकडे किमान १०० मिमी, वर्गाचं चिन्ह किमान २५० मिमी, आणि इमर्जन्सीचा फोन व माल पाठवणाऱ्याचा फोन, तेही ५० मिमीच्या खाली नाही. तो फोन रात्री उचलला जातो का हे स्वतः एकदा रात्री अकराला लावून बघा. आमचा तीन वर्षं रिसेप्शनचा नंबर होता, सहानंतर तिथे नुसतं म्युझिक वाजायचं.

पॅनलवर हॅझकेम कोडही असतो, म्हणजे बंबवाल्याने काय करायचं ते दोन-तीन अक्षरांत. पेट्रोलचा ३वायई. पहिला आकडा आग कशाने विझवायची: १ पाण्याचा जाड फवारा, २ बारीक फवारा, ३ फोम, ४ कोरडी पावडर. अक्षर सांगतं अंगावर काय घालायचं आणि सांडलेलं पाण्याने पातळ करून वाहू द्यायचं की अडवून ठेवायचं: पी, आर, एस, टी आलं तर पातळ करा, डब्ल्यू, एक्स, वाय, झेड आलं तर अडवा, गटारात जाऊ देऊ नका. शेवटी ई असेल तर आजूबाजूची माणसं हलवायचा विचार करा.

आता आमच्याच घरचा किस्सा. एक टँकर आदल्या फेरीला हायड्रोक्लोरिक घेऊन गेला होता, १७८९. धुऊन आला, कॉस्टिक लाय (कॉस्टिक सोड्याचं पाणी) भरली, १८२४, आणि पाटी बदलायची राहिली. मीच गेटवर होतो, मीच सोडला. खोपोलीच्या अलीकडे व्हॉल्व्हमधून गळायला लागलं, लोकांनी पाटी वाचली, ॲसिड समजून कोणीतरी चुन्याची पोती आणून ओतली. कॉस्टिकवर चुना म्हणजे अल्कलीवर अल्कली, शून्य उपयोग, वर त्या चिखलात एकाचे पाय भाजले. दोघांचा हॅझकेम २आर च आहे म्हणून बंबवाल्यांनी केलं ते बरोबर निघालं, नशीब. त्या दिवसापासून मी पाटी आधी वाचतो, मग गेटपासवर सही.

ड्रायव्हर आणि कागद

ड्रायव्हरच्या लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद पाहिजे, त्यासाठी तीन दिवसांचा कोर्स असतो. त्याच मोटार वाहन नियमांतल्या नवव्या नियमात आहे ते. नोंदीची तारीख स्वतः बघा, ट्रान्सपोर्टवाला "आहे आहे" म्हणेल. केबिनमध्ये ट्रेम कार्ड (माल कसला आणि अपघात झाला तर काय करायचं ते सांगणारं), ड्रायव्हरला वाचता येईल अशा भाषेत. बिहारचा ड्रायव्हर आणि मराठी कार्ड, किंवा आपला बीडचा माणूस आणि इंग्रजी कार्ड, दोन्ही फुकट. धुराड्याला स्पार्क अरेस्टर (ठिणग्या अडवणारा), अग्निशामक, फर्स्ट एड पेटी, तेवढंच बघून पुढे.

मी निघताना एकच प्रश्न विचारतो, "गळायला लागलं तर पहिलं काय करणार?" दहातले सात म्हणतात मालकाला फोन. नाही रे बाबा. इंजिन बंद, वारा जिकडून येतोय त्या बाजूला लांब उभं राहा, लोकांना लांब ठेव, ११२ लाव, जवळच्या पोलीस ठाण्याला कळव, मग मालक.

जेएनपीटीवरून बाहेर जाणार असेल तर आयएमडीजी (समुद्रमार्गे धोकादायक माल नेण्याचे आंतरराष्ट्रीय नियम) लागू होतो: कंटेनरच्या चारही बाजूला २५० मिमीचे प्लॅकार्ड (मोठे डायमंड), डीजी म्हणजे धोकादायक मालाचं डिक्लेरेशन, पॅकिंग सर्टिफिकेट, आणि जलचरांना घातक असेल तर मेलेला मासा आणि झाडाचं चिन्ह. विमानाचे नियम याहून कडक, तिथे ट्रेनिंग घेतलेल्या माणसाशिवाय हातच घालू नका.

रिकामा ड्रम रिकामा नसतो

परतीच्या गाडीत रिकामे ड्रम येतात आणि सगळ्यांना वाटतं काम संपलं. टोल्युइनच्या भरलेल्या ड्रमपेक्षा नुसती वाफ राहिलेला ड्रम जास्त वाईट, कारण आत हवा आणि वाफ दोन्ही मिसळून तयार असतात. भंगारवाल्याने गॅस कटर लावला की वरचं बूड उडतं. म्हणून धुऊन वाफ काढेपर्यंत लेबल तसंच ठेवायचं, बुचं घट्ट लावायची, आणि गाडीवर पाटीही तीच. धुतला की मात्र लेबल खरवडून काढा, नुसती काट मारू नका.

सिलिंडरचंही तेच. जुलै २०१० मध्ये शिवडीला पोर्टाच्या हद्दीत क्लोरीनची गळती झाली, शंभरच्या आसपास लोक हॉस्पिटलात गेले. ते सिलिंडर वर्षानुवर्षं तिथे बेवारस पडून होते. आमच्या यार्डात मागच्या भिंतीला असे तीन ड्रम होते, लेबल उन्हाने पांढरं झालेलं, आत काय ते कोणालाच माहीत नाही. सॅम्पल काढून लॅबला दिले, एकात मिथेनॉल निघालं. त्यावर वॉचमन रोज दुपारी डबा ठेवून जेवायचा.